बोरटाकळीची साधी ईद

“हे पातेलं कुणाचं, बाबा?”

“ज्याचं हाय त्याचं.”

“ते झालंच. पण कुणाचं?”

इलाहीबाबा पातेल्यात उभा होता. खरोखरच आत उभा होता. ओली वाळू टाकलेली, दोन्ही हातांनी लिंबाची फांदी धरलेली, आणि वाळूवर पाय रोवून कंबर या अंगाला, त्या अंगाला फिरवणं चाललेलं. जुनी कल्हई अशीच निघते. सत्तरी उलटलेला माणूस, अठ्ठाविसावा रोजा, आणि वर चैत्राचं ऊन.

यासीन हात पाठीमागं बांधून बघत राहिला. सगळं गाव शोकात, आणि त्याचा गुरू पातेल्यात नाचत होता.

बोरटाकळी धरणाच्या पाण्याकाठी. गावाबाहेर पिराचा दर्गा, दर्ग्याच्या भिंतीला लागून बाबाची भट्टी. उभ्या जन्मात त्यानं दोनच कामं केली. भांड्यांना कल्हई, आणि विचारायला येणाऱ्याला उत्तर. पहिलं काम तो चोख करायचा. दुसऱ्याबद्दल लोकांची तक्रार असे.

यासीन नऊ वर्षं त्याच्या पायाशी बसत होता. गावातल्या मदरशात शिकवायचा, चांगला शिकवायचा. वाईट माणूस नव्हता. फक्त आपण चांगले आहोत हे त्याला जरा लवकर कळलं होतं.

“एवढं मोठं पातेलं,” तो म्हणाला, “आठ शेर दूध सहज मावेल.”

“धा मावतं.”

“दूध कशाला?”

बाबानं कंबर थांबवली. यासीनकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. यासीननं त्या दिवशी मुद्दाम जुना सदरा घातला होता, खांद्यावर आणि कोपरावर ठिगळं असलेला.

“यासीन, आज लई नटून आलास.”

यासीनचे कान तापले. त्यानं सलाम केला आणि निघाला. निघताना मात्र त्याची नजर भट्टीमागच्या पोत्यावर गेली. पोतं अर्धवट झाकलेलं होतं. खाली शेवयांचा पुडा होता. खारका होत्या. चारोळ्यांची पुडीसुद्धा.

त्याच्या मनात पाल चुकचुकली.

आता हे सगळं यासीनला एवढं का लागावं, ते सांगायला हवं.

पंधराव्या रोजाला पलीकडच्या काठावरचा बाजार करून माणसं होडीतून परत येत होती. मध्यावर वळवाचं वारं सुटलं आणि होडी उलटली. नऊ माणसं गेली. सहा हिंदूंच्या घरातली, तीन मुसलमानांच्या. पाण्यानं कुणाला काही विचारलं नाही.

होडी कासमची. कासम म्हणजे यासीनचा थोरला भाऊ. त्यानं चार जणांना ओढून काठावर आणलं, पाचव्यासाठी परत गेला आणि रिकामा आला. तेव्हापासून तो घराच्या आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसला होता. पोलिसांनी जबाब घेतला, तेवढंच काय ते बोलला. सूर्य बुडाला, मगरीब झाली की पाण्यानं रोजा सोडायचा आणि भाकरी पुढं केली की तोंड फिरवायचा. गालफडं बसली होती. हकीम म्हणाला होता, याला दवा नको, याच्याशी कुणीतरी बोला.

तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं. पण यासीन रस्त्यानं जाऊ लागला की बोलणं थांबायचं. थांबलेलं बोलणं यासीनला फार मोठ्यानं ऐकू यायचं.

मग त्यानंच जमातीपुढं ठराव मांडला. यंदाची ईद साधी. नवे कपडे नाहीत, अत्तर नाही, शीरखुर्मा नाही, कुणाच्या घरून कुणाच्या घरी वाटी जायची नाही. गावातल्या हिंदूंच्या घरी तर मुळीच नाही, त्यांच्या दुःखावर आपलं गोड कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. पाटलांनीसुद्धा निरोप धाडला, पोरानं शहाणपण केलं म्हणून. इलाहीबाबा तेवढा दोन शब्द बोलला होता.

“साधी करा.”

बस. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. यासीनला ते अजून खुपत होतं.

आणि घरी येऊन त्यानं कासमला सांगितलं होतं, “भाईजान, ईदगाहवर नमाजीला येऊ नका. चार लोकांत बरं दिसणार नाही.”

कासमनं मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, ते यासीननं विचारलं नाही.

आणि असा ठराव झालेल्या गावात खुद्द बाबाकडं शेवया!

दुसऱ्या दिवशी यासीननं मदरशातून सुटी घेतली आणि डोळ्यांत तेल घालून बसला. बाबा सकाळी गुरवांच्या आळीकडं गेला. तिथं त्याचं काय काम? परतताना यासीनच्याच घरापाशी थांबला, कासमच्या खिडकीला हात लावला, काहीतरी पुटपुटला आणि पुढं गेला. मग गवळ्याशी कुजबुज. गवळ्यानं मान डोलावली, बाबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

यासीननं गणित मांडलं. बाबाचे शहरातले मुरीद, पैसेवाले शिष्य, गाड्या घेऊन ईदला येतात. त्यांच्यासाठी हा थाट. गावाला साधी ईद, आणि दर्ग्याच्या भिंतीआड दहा शेर दुधाचा शीरखुर्मा. वास उठणार. वास काय ठराव वाचून थांबतो? गुरवांच्या आळीपर्यंत जाणार. आणि उद्या लोक म्हणणार, यांची होडी बुडवते आणि यांचे बाबा मेजवानी घालतात.

नऊ वर्षं! नऊ वर्षं आपण कुणाच्या पायाशी बसलो?

दुपार कलली, असरची नमाज झाली तसा तो तडक भट्टीवर गेला.

बाबा भाता हलवत होता. पातेलं निखाऱ्यावर तापत होतं. त्यानं नवसागराची चिमूट आत टाकली, पांढरा धूर उठला. मग कथलाचा तुकडा टेकवला आणि कापसाच्या बोळ्यानं सर्रकन् एक फेरी मारली. पातेल्याचं पोट आतून चांदीसारखं झालं.

“बाबा, मला खरं सांगा.”

“विचार की.”

“शेवया कशाला आणल्या?”

“खायला.”

“ठराव झालाय.”

“व्हय. मी बी हुतो.”

“मग?”

बाबानं सांडशीनं पातेलं उचललं, राखेवर पालथं घातलं. आतून लखलखीत, बाहेरून काळंकुट्ट, वर्षानुवर्षांची काजळी. त्यानं चिंचेचा गोळा आणि मूठभर मीठ यासीनपुढं सरकवलं.

“आलाच हायस, तर भाईरनं घास.”

“मी उत्तर मागायला आलोय.”

“आधी निवू दे. मग घास.”

...

यासीन बसला. गुरूनं सांगितलेलं काम टाळायची त्याची अजून तरी हिंमत नव्हती. पण घासताना सगळा राग हातात उतरला होता. काजळी सुटायला लागली. तांबूस पट्टा दिसला. काठाखाली बारीक टिंबं लागली बोटाला. भांड्यावर ठोकून घातलेलं नाव.

असेल कुणा शेठचं, त्याच्या मनात आलं. चला, चोर स्वतःच्या नावानिशी सापडला!

त्यानं जोर लावून घासलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

*चि. ज्योतिराम दत्तू गुरव, याच्या बारशास मामाकडून.*

चिंच हातातून राखेत पडली.

ज्योतिराम. अनसाबाई गुरविणीचा एकुलता. बावीस वर्षांचा. होडी उलटली तेव्हा कासम ज्या पाचव्यासाठी परत गेला, तो हा.

“हे... इथं कसं?”

“अनसाबाई घिऊन आली. सोता. परवा तेरावा उरकला, तशी आली.”

“कशाला?”

“कल्हई घालून द्या म्हनली.”

यासीननं दर्ग्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत नजर फिरवली. कुणी बघत तर नाही? त्याचा आवाज खाली आला.

“बाबा, यात काहीतरी आहे. भावकीनं शिकवून पाठवली असेल. हिंदूच्या घरचं भांडं, मयताचं नाव, आणि आपल्या भट्टीवर. उद्या म्हणतील...”

“काय म्हनतील?”

“काहीही म्हणतील.”

“तुला म्हाईत न्हाई, पन तू भ्यालास.”

“मी भ्यालो नाही. सावध आहे.”

बाबा हसला नाही. हसला असता तर यासीनला बरं वाटलं असतं.

“ती शीरखुर्मा मागतीया,” बाबा म्हणाला. “ह्या पातेल्यातला.”

“शीरखुर्मा? मुलगा जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, आणि...”

“यासीन, ज्या घरातनं मानूस गेलं, तिथं सनाचं गोड शिजत न्हाई. गावाची रीत हाय. भाईरच्या घरातनं कुनीतरी गोड आनून घास भरवायचा, मग दुखवटा उतरायचा. सोयरी लांब. भावकीत सगळ्यांनाच दुखवटा. उरली कोन? आपली घरं. दरसाल ईदंला वाटी यायची तिच्या दारात. ती वाटंकडं डोळं लावून बसली हुती. आन् तू वाटीच बंद केलीस.”

...

“मी त्यांच्यासाठीच बंद केली, बाबा. त्यांच्या दुःखाला मान म्हणून.”

“इचारलंस तिला?”

यासीन राखेतली चिंच उचलायला वाकला.

“नऊ घरं. एकाला तरी इचारलंस?”

“अशा गोष्टी विचारायच्या असतात का?”

“तू पाटलाला इचारलंस. जमातीला इचारलंस. ज्यांचं मानूस गेलं, तेवढी सोडून समद्यांना इचारलंस.”

यासीनचा हात पातेल्यावर पुन्हा जोरात फिरायला लागला. राग असावा, असं त्यानं ठरवलं.

“मला आधी का सांगितलं नाही?”

“तू भोंग्यावरनं सांगितलं असतंस.”

हे मात्र खरं होतं. यासीनला ते स्वतःलाही नाकारता येईना. ‘आपल्या गावाची एकी’ असं काहीतरी तो नक्की बोलला असता, आणि छान बोलला असता.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “माझी बायको करेल. गुपचूप. मी झाकून नेऊन देतो.”

“तिला तुज्या बायकूच्या हातचा नगं.”

“मग?”

“कासमच्या.”

यासीन उभाच राहिला.

“ज्योत्या दर ईदंला तुमच्याच घरी तीन वाट्या हानायचा,” बाबा म्हणाला, “आन् तुमच्यात शीरखुर्मा कासमच करतो, तुजी आई गेल्यापास्नं. तुला म्हाईत नसंल, तू ईदगाहवरनं उशिरा येतोस. लोकं गळाभेटीला थांबत्यात तुज्यासाठी.”

“भाईजान पंधरा दिवस नीट जेवलेले नाहीत. ते कुठं चुलीपाशी...”

“तू काय सांगितलंस त्याला?”

यासीननं मान खाली घातली. काजळीनं बरबटलेले हात सदऱ्याला पुसले, ठिगळांवर.

“घरी बसा म्हणालो.”

“का?”

“...लोक.”

बाबानं पातेलं उचललं. धुतलं, पुसलं, शेवया-खारका-चारोळ्या आत ठेवल्या आणि यासीनपुढं धरलं. यासीन पोतं गुंडाळायला लागला, तसा बाबानं पोतं काढून घेतलं.

“डोक्यावर घे. गुरवाळीतनं जा.”

“मागच्या वाटेनं जवळ पडतं, बाबा.”

“जवळ पडतं, व्हय.”

यासीन गुरवाळीतून गेला. दिवसाढवळ्या, डोक्यावर लखलखीत तांब्याचं पातेलं घेऊन. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. एका म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून नाव वाचलं आणि नजर वळवली. ही सगळी वाट म्हणजे आपल्यासाठी लावलेला फासा आहे, असं यासीनला वाटत होतं. अनसाबाईचं दार बंद होतं. दारामागं मात्र कुणीतरी उभं असावं. त्याची मान दुखायला लागली आणि चाल वाढली.

घरी त्यानं पातेलं कासमपुढं ठेवलं. सांगायचं ते सांगितलं, तुटक-तुटक.

कासमनं भिंतीकडचं तोंड वळवलं. बोटानं काठाखालची टिंबं चाचपली, एकेक. शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं बोट. मग त्याच्या तोंडून पंधरा दिवसांत पहिल्यांदा आपणहून शब्द निघाला.

“दूध?”

“सकाळी गवळी आणणार आहे.”

“म्हशीचं सांग. त्याला... तिला गाईचं चालत न्हाई.”

संध्याकाळी चाँद दिसला. फटाका वाजला नाही. लोकांनी दारात उभं राहून दुआ मागितली आणि दारं लावून घेतली.

ईदच्या सकाळी यासीन आतल्या खोलीच्या दारात आला. मोठ्या मनानं आला होता. रात्रभर विचार करून त्यानं आपला शब्द मागं घ्यायचं ठरवलं होतं, आणि शब्द मागं घेणं त्याला काही सोपं नव्हतं.

“भाईजान, चला ईदगाहवर. माझ्याबरोबर चला.”

कासम चुलीपाशी बसला होता. दूध आटत आलं होतं, तो उलथनं फिरवत होता.

“खाली लागंल,” तो म्हणाला.

“अहो, ईदची नमाज आहे! वर्षातून दोनदा येते. दूध काय...”

“खाली लागंल, यासीन.”

यासीन एकटाच गेला. नमाजीला उभा राहिला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. रोज्याचा महिना संपून ईदची नमाज चुकवणारा माणूस आपल्या घरातला, आणि चुकवली कशासाठी, तर शेवयांसाठी! शिवाय ती बाई येणार. एकटी येणार की भावकी घेऊन? वाटी हातात घेईल की फेकून मारेल? की घास घेईल, आणि मग गावभर सांगेल... काय सांगेल? त्याला सुचेना. पण काहीतरी असणारच. पंधरा दिवसांत माणूस पोराच्या मारेकऱ्याला...

तो दचकला. मारेकरी हा शब्द गावात अजून कुणीही उच्चारला नव्हता. तो फक्त त्याच्या डोक्यात होता.

नमाज सुटताच तो गळाभेटीला न थांबता घराकडं निघाला. जवळजवळ पळतच.

दारात पायरीवर इलाहीबाबा बसला होता, काठी आडवी धरून. आत माजघरात अनसाबाई होती. एकटीच होती. जुनं लुगडं, डोईवर पदर. तिच्यापुढं वाटी, वाटीपुढं कासम, मान छातीत घातलेला. पातेलं मध्ये.

यासीन बाबाच्या मागं उभा राहिला.

कासमनं चमचा उचलला. चमचा अर्ध्या वाटेवर अडला, दूध लुगड्यावर सांडलं. अनसाबाईनं आपल्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि घास तोंडात घेतला. खाल्ला. गिळला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

“ग्वाड झालंय,” ती म्हणाली. “त्याला जरा जास्तच लागायचं.”

कासमला हुंदका फुटला. तसला आवाज यासीननं आपल्या भावाचा कधी ऐकला नव्हता, आईच्या मयतीलासुद्धा नाही. तिनं उरलेली वाटी त्याच्याकडं सरकवली.

“खा. मी बसलीया.”

त्यानं खाल्लं. पंधरा दिवसांनी त्याच्या पोटात नीट अन्न गेलं. ती बघत बसली. मग पुढं सरकली, पार गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि हळू आवाजात म्हणाली,

“कासम, आता सांग मला. भावकी इचारू देईना, तुज्या घरचं भेटू देईनात. शेवटचा तूच हुतास त्याच्यापाशी. माजा ज्योत्या काय म्हनला रे?”

...

यासीन दाराकडं सरकला. म्हणजे यासाठी! यासाठी पातेलं, यासाठी घास! आता हा भोळा माणूस काहीतरी बोलून जाईल, वाऱ्याबद्दल, माणसांच्या भाराबद्दल, सुटलेल्या हाताबद्दल, आणि ते उद्या पोलिसांच्या कागदावर येईल. आत जायला हवं. मध्ये पडायला हवं. भाईजान, बोलू नका.

कासमनं तोंड उघडलं. त्याचे ओठ हलत होते, शब्द यायचा होता. अनसाबाईनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ऐकण्यासाठी मान पुढं वाकवली होती.

यासीननं उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

बाबाची काठी त्याच्या पोटाला लागली.

“सोडा मला, बाबा. तुम्हाला कळत नाही, ते काय बोलतील...”

बाबानं त्याला मनगटाला धरून खाली पायरीवर बसवलं, आणि आपणही आतल्या दोघांकडं पाठ करून बसला.

“बस इथं. नमाज चाललेल्या माणसापुढनं जात न्हाईत.”